दाब कलम

२ मार्च
घर मनासारखं मिळालं. दोन खोल्या, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन, मागे भिंतीलगत मातीचा पट्टा. पाणी तपासायची आमची प्रयोगशाळा चालत जाण्याइतकी जवळ. धाकटी बहीण इस्पितळातून सुटून थेट इथंच आली. मोकळी हवा आणि भरपूर पाणी, असं डॉक्टरांनी बजावलंय. तिला पायावर उभं करायचं, बाकी सगळं नंतर.
मागच्या पट्ट्यात एक रानझुडूप आहे, पांढऱ्या फुलांनी लगडलेलं. मालकीणबाई वरच्या मजल्यावर राहतात. म्हणाल्या, हे काही जावई नाही, याचे लाड करू नका, दगडातसुद्धा वाढतं.

१० मार्च
धाकटीला खिडकीसमोर आणखी एक झुडूप हवंय. याची छाटलेली फांदी रुजत नाही, म्हणून दाब कलम केलं. खालची फांदी वाकवली, सालीला तिरकी खाच पाडली, ती मिटू नये म्हणून आत काडेपेटीतली काडी अडकवली आणि तेवढा भाग मातीत दाबला. मुळं फुटेपर्यंत जुनं झुडूपच फांदीला पोसतं, मग ती तोडून वेगळी करायची. धाकटी पायरीवर बसून बघत होती. माझंही असंच कलम कर ना ताई, म्हणाली. मी म्हटलं, आधी दूध संपव. मालकीणबाईंनी वरून सांगितलं, तोडायची घाई करू नका. आधीच्या भाडेकरू बाईंनी केली होती.

२८ मार्च
धाकटीत फरक पडलाय. खोकला थांबला, गालांवर रंग आला. दिवसभर अनवाणी पट्ट्यात बसते. उशाजवळचा पेला मात्र भरलेलाच राहतो. रागावले, तर हसली. तहानच लागत नाही गं, म्हणाली.

१६ एप्रिल
कामावरून आले, तर ती सकाळच्याच जागी, त्याच बाजूला तोंड करून. हाक मारल्यावर मान वळली, पाय हलला नाही. डावा पाय घोट्यापर्यंत मातीत. गार वाटतं, म्हणाली. उचलायला गेले, तर तिनं माझं मनगट धरलं. इतका जोर तिच्यात कधीच नव्हता.

१७ एप्रिल
माती उकरली. टाचेत खाच आहे. तिरकी, स्वच्छ. आत काडी. झुडपाची फांदी खाचेत शिरलीय — सांधा भरून आलाय, साल कुठे संपते ते कळत नाही. खाली पांढरे तंतू. तिनंच केलं, माझ्याच चाकूनं. तू दाखवलंस तसंच, म्हणाली. इस्पितळात मी सुकत चालले होते ताई.

१८ एप्रिल
तोडलं. सांध्याच्या अलीकडे, कात्रीनं.
रक्त आलं नाही. पाणी आलं. ते थांबलं तेव्हा ओठ — गाल हाताला कागदासारखे लागतात. पाणी पाजलं, ओघळून गेलं. फांदी परत लावून बघितली. धरत नाही.
मालकीणबाई जिन्यात उभ्या होत्या. घाई केलीत, म्हणाल्या. मुळं पुरती फुटली नव्हती. आता तिला दुसऱ्या कुणाचा तरी आधार —

१९ एप्रिल
डाव्या हातानं लिहितेय. उजव्या तळव्यात खाच पाडली. काडी. तिच्या टाचेला जुळवून बांधला.
तिच्या ओठांवर ओल आली. तिनं ताई अशी हाक मारली.
मालकीणबाई घमेल्यातून माती आणतायत. माझ्या पायांवर. नको म्हणायला हवं, पण गार —
पेला शेजारीच ठेवलाय. भरलेला. सकाळपासून मला तहान