पुढे ओढलेली सीट

४ मार्च, सोमवार

काल मी बहिणीकडे, आणि इकडे आमच्या गाडीचं नाक बेकरीच्या काचेत! कुणाला खरचटलंही नाही, हे नशीब. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला गाडी दिली होती. सासूला स्टेशनवरून आणायला निघाला होता. उंचीमुळे मी त्याला ताडमाड म्हणते. जिन्यात उभा राहून म्हणाला, "काकू, ब्रेक वेळेवर लागला नाही. चूक माझीच."

आमचे हे कोपऱ्यात बसून आहेत. जन्मभर बस चालवलेला माणूस! डोळ्यांपायी डॉक्टरांनी गाडी बंद केली, लायसन्सही संपलं, तेव्हापासून रोज सकाळी नुसतं फडकं मारतात गाडीला. आज तेही नाही. धक्का बसणारच.

५ मार्च, मंगळवार

विम्याचा माणूस येऊन गेला. "गाडी भाड्याने दिली होती का?" म्हटलं, भाडं खोलीचं घेतो, गाडी माणुसकीने देतो. हसला. म्हणाला, ओळखीत दिली तर हरकत नाही, पण चालवणाऱ्याकडे लायसन्स हवं. नसेल तर गाडीची दुरुस्ती विसरा, आणि बेकरीची काचही शेवटी मालकाच्याच गळ्यात. कोण चालवत होतं ते शनिवारपर्यंत लिहून द्यायचंय.

६ मार्च, बुधवार

गाडीतली छत्री काढायला गेले, तर ड्रायव्हरची सीट पार पुढे ओढलेली! ताडमाड तिथे बसला तर गुडघे कानाला लागतील. म्हणजे चालवत होती त्याची बायको — बुटकी, आणि अजून शिकतेय. लायसन्स कुठलं? बोट दिलं तर हातच धरला की यांनी!

७ मार्च, गुरुवार

वर जाऊन तोंडावर विचारलं. ती काहीतरी बोलणार, तोच त्याने तिच्याकडे पाहिलं. ती आत निघून गेली. "काकू, खरंच, ही नव्हती."

मग सीट काय आपल्या पायांनी पुढे चालत गेली? महिनाअखेर खोली सोडा म्हटलं. "बरं," म्हणाला. एवढंच! भांडला असता तर बरं वाटलं असतं. माझं दुखणं-खुपणं पाहायला पोटच्या पोरासारखा धावायचा तो. फार वाईट वाटतंय. पण खोटं ते खोटं.

ह्यांना सांगितलं. "घाई करतेस," म्हणाले, आणि ताट बाजूला सारलं.

८ मार्च, शुक्रवार

हे आजही धड जेवले नाहीत. गाडीसाठी इतकं मनाला लावून घ्यायचं?

९ मार्च, शनिवार

विम्याच्या कागदावर त्याच्या बायकोचं नाव घालायला पेन उघडलं. ह्यांनी ते हातातून काढून घेतलं.

"सीट मी पुढे घेतली होती. काचेजवळ बसलं की जरा दिसतं. त्याच्या हातापाया पडलो मी — एकदाच चालवू दे, कोपऱ्यापर्यंत. तुला सांगायचं नाही, अशी शपथही मीच घातली."

वर खोकी सरकवल्याचा आवाज येत होता. आम्ही दोघं उठलो. जिना चढताना ह्यांनी पहिल्यांदाच माझा हात घट्ट धरला. प्रत्येक पायरी आधी पायाने चाचपत होते.