सेनीमिलीचे खेकडे

सुवा, ६ ऑगस्ट

प्रिय इनोकेमामा,

तुम्हाला आणि मामीला आईने आठवणीने बुला सांगितलंय. गुडघा कसा आहे? मामी म्हणते, तुम्ही डॉक्टरांचं ऐकत नाही. त्यात नवीन ते काय! आई मजेत आहे. चर्चच्या गाण्यावरून शेजारणीशी तिचं पुन्हा वाजलंय, म्हणजे तब्येत ठणठणीत. रविवारी लोवोच्या खड्ड्यात तुम्ही पाठवलेले दालोचे कंद भाजले. सगळ्यांनी बोटं चाटली.

माझं ऑफिस जोरात आहे. नव्या संशोधकांना मार्गी लावणं हे नावापुरतं काम असेल, असं मला वाटलं होतं. पोरं हुशार आहेत हो, पण स्वतःबद्दल दोन वाक्यं बोला म्हटलं की जमिनीकडे बघतात. एकाने नोकरीच्या अर्जात सगळीकडे ‘आम्ही’ लिहिलं होतं. अर्ज त्याच्या एकट्याचा.

इकडचं तिकडचं पुरे. परवा तुमच्या हाताखाली शिकलेल्या सेनीमिलीचं नाव निघताच तुम्ही फोन ठेवलात, म्हणून लिहिते आहे.

तिवरांतल्या खेकड्यांवरचा तो शोधनिबंध तिचा आहे. दोन वर्षं ती गावच्या बायांबरोबर ओहोटीला कमरेएवढ्या चिखलात उतरली. परवानगी मागायला यंगोनाच्या मुळांची जुडी घेऊन गावप्रमुखापुढे बसली तीही तीच. तुम्ही विभागाची होडी मिळवून दिलीत, मसुदा तपासलात, हे ती दहादा सांगते. तुमचं नाव पहिलं लिहिलं तेही तिनेच. तुम्ही मागितलं नव्हतं, मला ठाऊक आहे. आपल्यात मोठ्यांच्या पुढे कोण जातं?

पण शुक्रवारी तिच्या नोकरीचं ठरवायला समिती बसते आहे, आणि समिती पहिलं नावच मोजते. ते तिचं नसेल तर नोकरी गेली. मग ती भावाच्या दुकानात बसेल आणि तिवरांवर लिहायला पुन्हा बाहेरून कोणीतरी येईल.

मी तिला नावांचा क्रम बदलायला सांगितला तेव्हा ती रडली. म्हणाली, “सरांच्या पुढे माझं नाव? आई मला घरात घेणार नाही.”

मी म्हटलं, “जेवायला बसशील तेव्हा सरांना आधी वाढ. चिखलात आधी कोण उतरलं ते खरं सांग.”

छापणाऱ्यांना सगळ्या लेखकांची संमती लागते. तुमची तेवढी राहिली आहे. फोन ठेवता ठेवता तुम्ही एवढंच म्हणालात, “आमच्या वेळी कोणी नाव मागत नव्हतं.” मामा, तुमच्या वेळी मागायला जागाच नव्हती. तुमचे गोरे साहेब तुमच्या कामावर स्वतःचं नाव टाकायचे, आणि तुम्ही आजीच्या पडवीत बसून त्यांना शिव्या घालायचात. ते ऐकतच मी मोठी झाले. म्हणून तुमचा नकार मला फार लागला.

समितीने विचारलं तर मी खरं ते सांगणार, तुमच्या तोंडावरही सांगेन. पण ती वेळ येऊ नये. म्हणून ऑफिसचे नियम बाजूला ठेवते आणि घरचा कायदा काढते.

बहिणीच्या पोरांनी मामाच्या घरातून हवं ते न विचारता उचलावं आणि मामाने हूं की चूं करू नये. हा वासूचा, म्हणजे भाचरांचा, हक्क मोडणारा माणूस आपल्या गावात अजून जन्मला नाही. दादाने तुमची मोटरबोट नेली. धाकटीने लग्नाला डुकरं नेली, आणि तुम्ही हसत दोर सोडलात. मी आजवर काडीही उचलली नाही. तुम्ही कौतुकाने म्हणायचात, या पोरीला काही नकोच असतं.

आता हवंय. त्या निबंधावरची तुमची पहिली जागा मी घेतली. घेतलेली वस्तू वासू कोणाला देते, हे मामाने विचारायचं नसतं.

शुक्रवारच्या आत संमती पाठवा. राग आला तर या, समोर बसून रागवा. मी जेवायला वाढीन.

हक्क सांगून उभी असलेली,
तुमची वासू,
लोसालिनी