धावजी कल्हईवाल्याचे पाच धर्म

मी, धावजी रूपला राठोड, वय अंदाजे पासष्ट, धंदा भांड्यांना कल्हई करण्याचा, राहणार दिग्रस, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ, कोणाच्याही दबावाखाली नसताना, नशापाणी न करता व पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र करून ठेवतो. मी सांगतो आणि सदाशिवराव अर्जनवीस लिहून घेतात. त्यांनी पहिल्याच ओळीला विचारले, "धर्म काय लिहू?" मी म्हणालो, "तेवढी जागा कोरी सोडा. कलम तीनमध्ये येते."

१. सन १९५९ च्या चातुर्मासात एका जैन व्यापाऱ्याच्या घरी भांडी करता करता मी त्यांचे नेम ऐकले आणि धरले. दिवस मावळायच्या आत जेवू लागलो, पाणी गाळून पिऊ लागलो. आपल्याजवळ काही ठेवू नये, हेही मनाने घेतले. त्या भरात राहते घर धाकटा भाऊ हरिसिंग, आमच्या तांड्याचा नायक, याच्या नावे मृत्युपत्र करून लिहिले. चातुर्मास संपला, कागद मात्र राहिला. ते मृत्युपत्र मी आज रद्द करतो.

२. हरिसिंगला हे मान्य होणार नाही. मागच्या महिन्यात तांड्याच्या बैठकीत तो म्हणाला, "पाच येळा देव बदलवनारा मानूस शुद्धीवर असते काय? पह्यला कागद शान्याचा, दुसरा येड्याचा. मी कोर्टात सांगीन." डॉक्टरांचा दाखला मी सोबत जोडला आहे. त्यावर त्याचे म्हणणे, "डॉक्टर नाडी पाह्यते. देव बदलला ते नाडीत दिसते काय?" तेव्हा मी कोणते धर्म पाहिले आणि का, हे येथे लिहवून ठेवतो. वेडा होतो की नव्हतो, हे वाचणाऱ्याने ठरवावे.

३. आमच्या तांड्यात माझी याडी, म्हणजे आई, सणावाराला निखाऱ्यावर तूप-गुळाचा घास सोडून आमचे संत सेवाभाया यांचे नाव घेई आणि मुंगीपासून बैलापर्यंत सगळ्यांचे भले मागे. माझा पहिला धर्म तो. तो मी मोजत नाही, कारण तो मी शोधला नव्हता.

सतराव्या वर्षी उस्ताद नसीबखाँ यांच्या भात्यामागे निघालो. कल्हईवाला सगळ्यांना लागतो. दर्ग्याची देग, मठाची पातेली, मिशनच्या वसतिगृहाची ताटे, व्यापाऱ्याची परात, सगळे माझ्या हाताखालून गेले. भांडे तापेपर्यंत बोलायला वेळ असतो. मी सगळीकडे एकच विचारायचो, "तुमच्यात मानसानं कसं राहावं म्हनतात?" पन्नास वर्षांत या प्रश्नावर मला कोणी हाकलले नाही. उलट चहा पाजून सांगितले.

उस्तादांबरोबर तीन वर्षे रोजे धरले. ते हसत. म्हणत, "भूके तो सब रैते, बेटा. तू कायकू भूका है, वो देख." पुढे यवतमाळच्या बाजूला मिशनमध्ये गेलो. तिथल्या विमलताईंनी मला अक्षरे शिकवली. चूक मोठ्याने कबूल करायची आणि मग ती संपली असे मानायचे, ही त्यांची रीत मला फार आवडली. पण बाप्तिस्म्याचे पाणी घेताना नवे नाव घ्यावे लागेल असे कळले. धावजी हे नाव याडीने ठेवलेले. ते सोडवेना, म्हणून परत आलो.

तिसरा धर्म महानुभावांचा. त्याबद्दल कलम चारमध्ये.

चौथ्या वेळी, १९५६ च्या दसऱ्याला, शेजारी नानाजी मेश्राम यांच्यासोबत नागपूरला गेलो. एवढी पांढरी वस्त्रे आणि एवढी शिस्त मी त्याआधी पाहिली नव्हती. मीही उभा राहिलो, शपथा म्हटल्या आणि वर्षभर पाळल्या. येताना नानाजी म्हणाले, "धावजीभाऊ, राग नका मानू. आमी सुटाले आलतो, तुमी पाहाले." राग आला नाही. खरे होते. पाचवा धर्म कलम एकमध्ये आलाच आहे.

माझी बायको मानीबाई रोज सकाळी विचारायची, "आज कोनता देव हाय तेवढं सांगा, म्हंजे भाजीत काय टाकाचं ते समजते." ती बारा वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून मी जे खातो त्याला चव नाही. ते दिवस मात्र चांगले होते. रोज नव्या गावचा रस्ता, नवे बोलणे, आणि घरी येऊन तिला सांगणे. एकही धर्म मला पुरता बसला नाही, आणि एकाचेही मी वाईट बोलणार नाही. पहिल्या ओळीतली जागा कोरीच ठेवावी.

४. सन १९३८ मध्ये माझी एकुलती मुलगी जमनी हिचे लग्न ठरले होते. त्याच वर्षी मी महानुभावांच्या मठात उपदेश घेतला होता. मांस नाही, दुसऱ्या देवीदेवासमोर मान वाकवणे नाही. आमच्यात शब्द पक्का करताना गूळ वाटतात आणि देवीपुढे बोकड कापून दोन्ही तांडे जेवतात. नवऱ्याकडच्यांनी बोकड आणला. मी तो परत केला आणि डाळ-भाकर वाढली. त्यांचा नायक उठून म्हणाला, "आमचा बोकड ज्याले चालत नाही, त्याची पोरगी आमाले कायले पायजे?" ते न जेवता गेले. दोन वर्षांनी हरिसिंगने धावपळ करून तिला घाटंजीकडे एका बिजवराला दिले. जमनीने त्या दिवसापासून माझा उंबरा ओलांडलेला नाही.

५. राहते घर जमनीला द्यावे.

६. तांड्यावरचे चार एकर शेत हरिसिंगला द्यावे, कारण तोच ते वाहतो, आणि जमनीला उजवले ते त्यानेच. 'येडा' हा शब्द तेवढा त्याने परत घ्यावा.

७. भाता, चिमटे, कथील आणि नवसागराचा डबा उस्तादांचे नातू हबीबखाँ यांना द्यावा. पुस्तकांची पेटी येथील वाचनालयास.

८. माझी काया तांड्याच्या रीतीने जाळावी. हा धर्माचा निर्णय नाही. मानीबाई त्या वाटेने गेली आहे.

पुरवणी. वरील मजकूर वाचून होत असताना जमनी ओट्यावर येऊन बसली. घराबद्दल मी तिला पत्र घातले होते. आत ये म्हटले तर आली नाही. सदाशिवरावांनी तिला बाहेर जाऊन सगळे वाचून दाखवले. ती म्हणाली, "घर नको मले. साक्षीले कोन हाय?"

"नानाजी आहेत. दुसरा तांड्यातला मिळत नाही. नायकाला सगळे भितात."

"मी करतो साक्ष," जमनी म्हणाली.

"बाई, घर तुम्हाला आणि साक्षही तुमची, तर कोर्टात त्यावर बोट ठेवतील."

"मंग माह्यं नाव काढा. तांड्यातल्या बाया दवाखान्यासाठी दिग्रसले येतात, झाडाखाली बसतात. त्याईले उतराले द्या घर. काका कोर्टात गेला त घरी काकीच भांडन त्याच्याशी."

सदाशिवराव हसले. मी होकार दिला. सबब कलम पाच खोडले असून त्याजागी असे वाचावे: घर तांड्यातून दवाखान्यासाठी येणाऱ्या बायांना उतरण्यास कायम मोकळे राहावे. देखरेख हबीबखाँ यांनी करावी.

मग सदाशिवरावांनी तिला विचारले, "वडील शुद्धीवर होते हे कशावरून, असं विचारलं तर काय सांगाल?"

ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "येड्या मानसाले पाच देवाचे नेम ध्यानात राह्यतात काय? ह्या मानसानं धरलेला नेम मुदतीआधी कधी मोडला नाही. माह्यं लगन मोडलं, पन नेम नाही मोडला. बा पुरा शुद्धीवर होता."

सदाशिवरावांचा टाक थांबला. मी म्हणालो, "लिहा. जसं बोलली तसंच लिहा."

शाईची गादी आत मेजावर होती. अंगठा उठवण्यासाठी जमनी आत आली.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवले, समजले, कबूल आहे.

सही: धावजी रूपला राठोड

साक्षीदार:
१. नानाजी मेश्राम, शेजारी (सही)
२. जमनी, धावजी राठोड यांची मुलगी, राहणार घाटंजी (डाव्या हाताचा अंगठा)

लिहिणार: सदाशिवराव, अर्जनवीस

मुक्काम दिग्रस, तारीख १४ डिसेंबर १९६३