पेशीतले भाऊजी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझे गुडघे बरे असतील आणि घरातली सध्याची शांतता तुला मानवत असेल, असं धरून चालते. ती शांतता माझ्या घरातून उचललेली आहे, एवढं लक्षात असू दे. दाढ काढायला दोन दिवसांसाठी आलेल्या तुझ्या यजमानांचा इथे सहावा आठवडा चालू आहे. (दाढ पहिल्याच दिवशी निघाली. निघाली ती तेवढीच.)

माझं प्रयोगशाळेतलं काम तुला कधी कळलं नाही. आता भाऊजींमुळे सांगणं सोपं झालंय. मलेरियाचा जंतू तांबड्या पेशीत शिरतो तो स्वतःभोवती फुगा गुंडाळून, म्हणजे परक्या घरात येऊन खोली आतून लावून घेतो. पेशी बिचारी भोळी. तिला केंद्रक नाही, नवं काही घडवायची सोय नाही, प्राणवायू वाहावा एवढंच ठाऊक. मग हा आतून आपली प्रथिनं बाहेर धाडू लागतो. फुग्याच्या भिंतीत त्याने चिंचोळं दार केलेलं असतं. प्रथिनाची घडी मोडून, सरळ दोरा करून तिथून ओवायचा, बाहेर पुन्हा घडी घालायची. दोन दिवसांत पेशी ओळखू येत नाही. अन्न आत यायला नव्या वाटा होतात, अंगावर बारीक गाठी उठतात. त्या गाठींनी ती रक्तवाहिनीला चिकटून बसते, म्हणजे बिघडलेल्या पेशी गाळणाऱ्या प्लीहेकडे जायलाच नको. निर्लज्जपणा तो किती!

भाऊजीही खोलीबाहेर क्वचितच पडतात. दाराखालून चिठ्ठ्या येतात. (घडी घातलेली चिठ्ठी फटीत अडकते, म्हणून उलगडून सरकवतात.) 'चहा कोमट होता.' 'घड्याळ चार मिनिटं मागे.' दूधवाला मला सांगतो, "साहेब म्हणाले अर्धा लिटर पुरे." भिंतींना अकरा हूक ठोकलेत, एकाला टोपी, एकाला छत्री, बाकीचे 'असू देत'. काल मी माझ्याच घरात, पर्स कुठे ठेवू, असं स्वतःशी पुटपुटले, तर आतून आवाज आला, "सात नंबर!"

माझं तीन वर्षांचं काम म्हणजे जंतूचं ते दार अडवणं. दार अडलं की तो आतल्या आत संपतो. दोनदा जमलं. महिनाअखेर तिसऱ्यांदा जमवून दाखवलं नाही, तर आमच्या प्रमुख बाई माझं टेबल दुसऱ्या कुणाला देणार आहेत. म्हणून मी त्या मेल्यांना रोज ताजं अन्न, ताजं रक्त, अंगाला सोसेल एवढी ऊब देते. तरी मध्यंतरी दार अडवायच्या आधीच मरू लागले. नको तेव्हा मरण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

हे सगळं मी जेवताना भाऊजींना सुनावलं, रोख कुणाकडे आहे ते न लपवता. ते म्हणाले, "छोटे, तुझा जंतू राहतो मात्र व्यवस्थित!" आणि अजून थोडा भात मागितला. तेव्हा ताई, पत्र मिळताच ये आणि आपला माणूस घेऊन जा.

तुझी,
छोटी

ता. क. लगेच निघू नकोस. हे पत्र टाकायचं आठवडाभर राहून गेलं. त्या जेवणानंतर दाराखालून चिठ्ठी आली, 'माझं रक्त चालेल का?' रीतसर सही करून, तोंड फिरवून, दंड पुढे केला त्यांनी. रक्तपेढीच्या रक्तात माना टाकणारे माझे जंतू त्यांच्या रक्तात असे फोफावलेत की बाई टेबलाचं बोलायच्या बंद झाल्या. तिसरा प्रयोग अठ्ठावीस तारखेला. तोवर आणखी दोनदा सुई टोचायची आहे.

ता. ता. क. भाऊजी तर परवाच तुझ्याकडे यायला निघाले होते. रोज संध्याकाळी तुझं नाव काढतात. त्यांची बॅग माझ्या पलंगाखाली आहे. त्यांना वाटतं, दाढेच्या दवाखान्यात हरवली; आणि तू घेऊन दिलेली बॅग हरवून तुझ्यासमोर यायची त्यांची हिंमत नाही. अठ्ठावीसपर्यंत फोनवर बॅगेबद्दल जरा रागावत राहशील का?