मधोमध काळा डाग

प्रिय निकानोरदादा,

अक्षरं मुद्दाम मोठी काढते आहे, हसू नकोस. इकडे तिहुआनात सगळं ठीक. कारखान्यात नाताळच्या मालाची घाई आहे. दिवसभर अंधाऱ्या खोलीत टीव्हीचे करडे पडदे तपासून मला आता ताटातला राजमासुद्धा करडा दिसतो.

मी पाठवलेल्या टीव्हीवरून तू फोनवर केवढा तापलास. "पडद्याच्या मधोमध काळा डाग, बेसबॉलच्या सामन्यात बॉल टाकणाऱ्याला डोकंच नाही. पगार कशाचा घेतेस गं तू?" मला इतकं लागलं, की तो परत मागवून दुसरा स्वतः निवडून पाठवला. त्यावरही डाग, तोही त्याच जागी. तेव्हा मी वाद घालणं सोडलं आणि तुला वाटलं, रोसाउरा हरली.

परत आलेला टीव्ही मी कारखान्यात तपासला. पडदा स्वच्छ होता. आमच्याकडे एक रीत आहे. एखादी नवी मुलगी प्रत्येक पडद्यावर एकाच जागी डाग दाखवायला लागली, की आमची मुकादमीण ओरडत नाही. तिला उठवते, कॉफी पाजते आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडते.

मग मी वहिनीला फोन केला. "मी सांगितलं म्हणू नका हं," म्हणत तिने पाद्रीबाबांच्या कानाचं सांगितलं. दाढी करताना ते हलले म्हणून वस्तरा लागला, असं तू गावभर सांगतोस म्हणे. अरे, पाद्रीबाबा तुझ्या दुकानातल्या खुर्चीत टेकले की घोरायला लागतात, हे आख्ख्या ग्वासावेला ठाऊक आहे.

मी गाव सोडलं त्या सकाळी तू माझे केस कापलेस. रडत होतास आणि म्हणत होतास, डोळ्यात केस गेला. तेव्हाही तुला खोटं बोलता येत नव्हतं.

दादा, डाग तुझ्या डोळ्यात आहे. फोनवर सांगितलं असतं तर तू हसण्यावारी नेऊन फोन ठेवून दिला असतास, म्हणून लिहिलं. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलेली नजर येईलच असं नाही, पण उशीर केला नाही तर उरलेली वाचवता येईल. शनिवारी मी तुला न्यायला येते आहे. तोवर वस्तऱ्याला हात लावू नकोस. चिडलास तर खुशाल चीड, पण पुढेही माझ्या तोंडाकडे बघून चिडता आलं पाहिजे तुला.

भांडायच्या तयारीनेच निघालेली,
तुझीच
रोसाउरा