निमंत्रक : आम्ही दोघं

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र आलं की मी आधी त्याचा वास घेते. छापखान्याची शाई तुझ्या बोटांना इतकी मुरली आहे की साध्या कार्डालाही तिचा वास येतो. या वेळी मात्र मीच आधी लिहिते आहे, कारण काम आहे. उभा असशील तर खुर्चीवर बस. मी लग्न करते आहे.

बसलास? आता पुढचं. वर म्हणजे आमच्या चौकातले चष्मेवाले. वय चौसष्ट, माझ्याहून पाचांनी मोठे. त्यांची बायको जाऊन बारा वर्षं झाली, आमच्या मास्तरांना जाऊन नऊ. त्यांना मूलबाळ नाही. गेल्या वर्षी मला जवळचं दिसेना म्हणून त्यांच्याकडे गेले, तर काचा तीनदा बदलाव्या लागल्या. पहिल्या दोन वेळा त्या खरंच चुकल्या होत्या. तिसऱ्या वेळचं ते अजून कबूल करत नाहीत.

अठ्ठावीस मार्चला सकाळी अकरा वाजता नोंदणी कचेरीत सह्या, मग वाचनालयाच्या वरच्या खोलीत साठ माणसांचं जेवण. साक्षीदार म्हणून माझ्याकडून तू. आणि मला पत्रिका हवी. बाबांच्या नमुन्यांच्या वहीत होती तशी : जाड पिवळसर कागद, भोवती वेलीची चौकट, तपकिरी शाई, आणि अक्षरांचे खिळे असे दाबलेले की ओळीवरून बोट फिरवलं तर खळगा लागावा. हल्ली दुकानात जुनं दिसणारं करून देतात म्हणे. मला जुनं दिसणारं नको, आपल्या जुन्या यंत्रावर काढलेलं हवं.

तू तेव्हा लहान होतास. मी अकराव्या वर्षापासून बाबांच्या हाताखाली खिळे जुळवले. गावातल्या निम्म्या पोरींच्या पत्रिका माझ्या बोटांतून गेल्या. माझं लग्न मात्र आठ दिवसांत उरकलं; बाबा तापानं फणफणलेले, छापखान्याला कुलूप. सगळीकडे तोंडी निरोप गेले. तेव्हा मी काही बोलले नाही. आता बोलते आहे.

माया आहे तशीच ठेव, आणि कागदाचा नमुना लवकर पाठव.

तुझी,
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खुर्चीवर बसलो होतो तरी पडलो. तुझ्या भावजयीनं पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली की मी मेले तर तुम्ही चष्मा करायला जायचं नाही. मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ हसत होती. तिचा आनंद खरा आहे. माझाही आहे, फक्त माझा जरा कच्चा आहे, पिकायला वेळ लागेल.

कागदाचे तीन नमुने सोबत आहेत. आता दोन गोष्टी, रागावू नकोस. पत्रिकेवर निमंत्रक कोण? बोलावणारं कुणी वडीलधारं लागतं. तसं कुणी उरलेलं नाही, तेव्हा माझं नाव घालू का? आणि साठ जणांना छापील आमंत्रण म्हणजे गावभर गाजावाजा. नुसत्या सह्या करून चार माणसांत जेवलात तर कुणाच्या तोंडाला खाद्य मिळणार नाही. तिसरी गोष्ट विचारणार नव्हतो, पण विचारतो. तुझ्या लेकीला, ठमीला सांगितलंस का?

कानपिचक्या द्यायच्या तर प्रत्यक्ष भेटीत दे, पत्रातल्या फार लागतात.

तुझा,
धाकटा

१५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मधला नमुना घे. निमंत्रक आम्ही दोघं. दवाखान्याच्या कपड्यांचं कोठार मी एकतीस वर्षं एकटीनं सांभाळलं, चादर कधी कमी पडू दिली नाही. मला लोकांना जेवायला बोलावता येतं. गाजावाजाचं म्हणशील, तर चोरून करण्यासारखं यात काय आहे ते मला दाखव, मी चोरून करते. हसणारे हसतील, पण जेवायला येतीलच.

ठमीला तुझ्या आधी सांगितलं, फोनवर. तिनं स्वयंपाकघरातला नळ अजून गळतो का म्हणून विचारलं. काल तिला पत्र टाकलं आहे. साठ लिफाफ्यांवरचे पत्ते तिच्या हातचे असावेत अशी माझी इच्छा आहे. तसं अक्षर आपल्या घरात दुसऱ्या कुणाचं नाही. बघू काय म्हणते.

कामाला लाग. मायेला तोटा नाही, दिवसांना आहे.

ताई

१९ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुला सगळं ठाऊक असणारच. आईनं मला लिफाफे लिहायला सांगितले आहेत. मामा, माझं अक्षर बाबांचं आहे. मी सात वर्षांची असल्यापासून शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या रिकाम्या वर्गात त्यांनी ते माझ्याकडून घोटून घेतलं. चिडले म्हणजे फक्त खडू खाली ठेवायचे. त्या अक्षरात मी प्रेषक म्हणून आईच्या नावाशेजारी दुसऱ्या माणसाचं नाव लिहू? मी तिला नाही म्हणून कळवलं आहे. दोनच ओळी लिहिल्या, जास्त लिहिलं असतं तर वाईट लिहिलं असतं.

ते गृहस्थ वाईट आहेत असं मी म्हणत नाही. मी त्यांना एकदाच पाहिलं आहे, त्यांनी माझ्या चष्म्याची दांडी फुकट घट्ट करून दिली होती. तेव्हा मला काय माहीत!

तू आईचा लाडका. तू काम रेंगाळत ठेवलंस तर तारीख आपोआप पुढे जाईल, आणि तेवढ्यात ती कदाचित पुन्हा विचार करेल. एवढं माझ्यासाठी कर. मामीला नमस्कार. मला वाईट समजू नकोस, समजलास तरी टाकू नकोस.

तुझी,
ठमी

२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितो. यंत्राची स्प्रिंग तुटली आहे. नवी कधी मिळेल सांगता येत नाही, जुन्या यंत्रांचे भाग दुर्मीळ झाले आहेत. तारीख महिनाभर पुढे ढकलता आली तर बरं. प्रकृतीस जप, आणि माझ्यावरचा विश्वास कमी करू नकोस.

धाकटा

३ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझ्या मामानं हात दाखवून अवलक्षण करून घेतलं, त्याची हकिकत ऐक.

काल सकाळी मी एका दुकानाची पावतीपुस्तकं छापत होतो. आपल्या यंत्राचा खडखडाट गल्लीच्या तोंडापर्यंत जातो. मान वर केली तर दारात तुझी आई, पहिल्या गाडीनं आलेली. तुटलेली स्प्रिंग कशी जोरात चालते आहे हे तिनं मिनिटभर पाहिलं. मला वाटलं आता बिनपाण्यानं होणार. पण तिनं पिशवी खुंटीला लावली, हात धुतले आणि मोठ्या खिळ्यांचा खण कुठे आहे ते विचारलं.

मग तुझी आई जुळवायला उभी राहिली. चाळीस वर्षांनी, ठमे! अक्षरं उलटी, ओळ उलटी, तरी बोटं आपोआप त्या त्या कप्प्यात जात होती. मी 'श'चा कप्पा बदलला आहे, तिथे तेवढी अडखळली आणि मला गाढव म्हणाली. हातभर अंतरावरचं नीट दिसावं म्हणून चष्मेवाल्यांनी तिला या कामापुरता वेगळा चष्मा करून दिला आहे. तिला यायचं होतंच असं दिसतं. अकरा ओळींना तीन तास लागले. 'आम्ही दोघं' असं जुळवलेलं पाहून मी म्हटलं की छापात 'दोघे' लिहितात. ती म्हणाली की आम्ही बोलतो तसं छाप.

पहिला कागद निघाल्यावर तिनं शाई वाळायच्या आतच विचारलं, स्प्रिंग ठमीनं तोडली का. मला खोटं बोलता येत नाही. एकदा बोललो, त्याचा निकाल समोरच होता. मी तुझं पत्र तिला दाखवलं नाही, पण हो म्हणालो. ती स्टुलावर बसली. म्हणाली की ठमीला राग येण्याचा हक्क आहे, पण त्यानं तारीख हलणार नाही. मग उठली आणि दुसरा कागद लाव म्हणाली. संध्याकाळी पत्रिका मोजून, पुठ्ठ्यात बांधून घेऊन गेली.

तू सांगितलेलं माझ्या हातून झालं नाही. पण खरं सांगू का, तिच्याशेजारी उभं राहून यंत्र चालवताना माझा कच्चा आनंद पिकला. राग धर, फक्त धरून बसू नकोस.

तुझा,
मामा

१० मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

सोबत पत्रिका आहे. लिफाफ्यावरचं अक्षर माझं, म्हणून पत्ता डोंगर चढल्यासारखा वर गेला आहे. साठच्या साठ मीच लिहिले. बोटं आखडली की गरम पाण्यात धरायची आणि पुन्हा बसायची. तू नाही म्हणालीस ते मला पोचलं, मी पुन्हा विचारणार नाही.

मामाकडून काही कळलं, पण त्याला बोलू नकोस. आपल्या दोघींच्या मध्ये सापडला बिचारा.

तुझ्या बाबांची याला संमती होती, जाण्याआधी ते मला तसं काही म्हणाले होते, असं मी तुला सांगणार नाही. आमचं यावर कधी बोलणं झालं नाही. त्यांना आवडलं नसतं असंही असेल. हा निर्णय माझा आहे आणि त्याचं ओझं दुसऱ्या कुणावर टाकायचं नाही.

तू दर रविवारी फोन करतेस. सोमवारी काही घडलं की मी ते तुझ्यासाठी बाजूला ठेवते. मंगळवारचं त्यावर, बुधवारचं त्यावर. रविवारी तू फोन करतेस तेव्हा त्यातलं काहीच सांगावंसं वाटत नाही, सगळं शिळं झालेलं असतं. मग मी म्हणते, ठीक आहे गं. ठमे, मला त्या त्या दिवशीचं त्या त्या दिवशी सांगायला माणूस हवं आहे. तुझ्यात काही कमी नाही. तू तिथे आहेस आणि मी इथे, एवढंच.

मास्तरांची तसबीर आहे तिथेच राहील. चष्मेवाल्यांनीच आधी विचारलं, ती हलवणार नाही ना म्हणून.

आलीस तर आनंद, नाही आलीस तरी आई मीच.

आई

२० मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पडल्या पडल्या लिहितो. लोखंडी चौकटीत आवळलेला शिशाच्या खिळ्यांचा अख्खा मजकूर माझ्या पावलावर पडला, दोन हाडं मोडली. सहा आठवडे प्लास्टर. मामी माझ्यापाशी अडकली. म्हणजे ताईकडून लग्नाला कुणीच नाही, आणि साक्षीदार मी होतो.

ताईला कळवलं तर उलट टपाली उत्तर आलं : पायाकडे लक्ष दे, कचेरीच्या व्हरांड्यात कुणी ना कुणी उभं असतंच, त्यातल्या एकाला बोलावून सही घेईन. आणि घेईल ती, मला शंका नाही.

मी तुला काही सांगत नाही. फक्त कळवतो. उत्तर नाही आलं तरी माया आटणार नाही.

मामा

३० मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आईच्या स्वयंपाकघरातून लिहिते आहे. नळ अजून गळतो.

सत्तावीसला संध्याकाळी पोचले. येणार म्हणून कळवलं नव्हतं, कारण गाडीत बसेपर्यंत माझं मलाच नक्की नव्हतं. आईनं दार उघडलं आणि एवढंच म्हणाली की चपला आत घे, बाहेर राहिल्या की मांजर पळवतं. रडली नाही, मीही नाही. आत टेबलावर तू पाठवलेली चौकटीची छोटी कार्डं पसरलेली होती. जेवणाच्या टेबलांवर ज्याच्या त्याच्या नावाची ठेवायची म्हणून ती लिहीत होती. सात झाली होती. बोटं सुजलेली. मी तिच्या हातातून टाक काढून घेतला आणि आधी हात धुवून ये म्हणाले. उरलेली सगळी मी लिहिली.

एक सोडून. चष्मेवाले समोरच बसले होते, यादी वाचून दाखवत. स्वतःच्या नावापाशी आले तेव्हा थांबले. मी ते कार्ड त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी बारीक, सरळ अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं, कार्ड वाळत ठेवलं आणि पुढचं नाव वाचलं. मामा, त्यांनी वाईट वाटून घेतलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

कचेरीत आमच्या पुढे दोन जोडपी होती, माझ्याहूनही लहान. त्यातली एक मुलगी आईची पत्रिका हातात घेऊन बोटानं चाचपत होती, कुठे छापली विचारत होती. आईनं तुझा पत्ता दिला आहे, तेव्हा पाय लवकर बरा कर. आमची पाळी आली तेव्हा कारकुनानं वधूकडचा साक्षीदार कोण म्हणून विचारलं. आई खरंच व्हरांड्याकडे बघायला लागली. मी पुढे होऊन रजिस्टर ओढून घेतलं. सही केली. पुढे नात्याचा रकाना होता. तिथे 'मुलगी' लिहिलं. कारकून म्हणाला की कुणाची ते स्पष्ट लिहा, इथे वधू आणि वर दोघे आहेत. तो सहज बोलला. मी 'वधूची' लिहिलं. चष्मेवाले कारकुनाला म्हणाले की बरोबर आहे, पुढचं घ्या. तेवढ्यात आईनं माझा हात धरला होता, तो जेवण सुरू होईपर्यंत सोडला नाही.

साठ जणांना बोलावलं होतं, एकसष्ट आले. हसायला कोण आलं होतं ते मला ओळखता आलं नाही, सगळे भरपूर जेवले.

त्यांना काय म्हणायचं ते माझं ठरलेलं नाही. सध्या 'अहो, ऐकलंत का' यावर भागवते, तर आई म्हणते की तसं मीसुद्धा म्हणत नाही. आज सकाळी ती दोघं बाजारात गेली होती आणि आता भांडत परत येताहेत, जिन्यातून ऐकू येतंय. भाजी कुणी निवडली यावरून. ती त्यांना आजचं आजच सुनावते आहे. उद्याची परतीची गाडी होती. मी रजा दोन दिवसांनी वाढवली आहे.

पाय वर ठेव, मामीचं ऐक, आणि या भाचीवर होती तेवढी माया राहू दे.

तुझी,
ठमी