बुडबुडेबाईंचं झाकण

३ जून
आजपासून ठकीच्या बोलण्याचं खातं माझ्याकडे. मुलगी तीन वर्षांची झाली, तोंडातून शब्द नाही. हवं ते बोटाने दाखवते, नाहीतर किंचाळते. कान तपासले, ठणठणीत आहेत. आणि बाप कोण? वक्तृत्वाचे क्लास घेणारा! लोकांच्या रेड्यांकडून वेद वदवून घेतले मी. तरी बायकोने स्पीच थेरपिस्टची अपॉइंटमेंट घेतलीच. एकदा जाऊ. घरात शांतता हवी.

५ जून, दुपारी
जाऊन आलो. खोलीत चटई, बुटकं टेबल आणि पोरांना उघडणार नाहीत अशा बरण्यांत कोंबलेली खेळणी. बाईंनी साबणाचे बुडबुडे उडवले, बाटलीचं झाकण पिळून घट्ट लावलं, बाटली ठकीच्या हातात दिली आणि ढिम्म बसून राहिल्या. मी नुसता खाकरलो तर ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. मला! शेवटी ठकीने बाटली परत त्यांच्या हातात कोंबली. मागितलं हो तिने, म्हणून बाई हरखल्या. यासाठी डिग्री लागते म्हणे.
घरचा अभ्यास: वस्तू लगेच द्यायची नाही, मनात दहापर्यंत मोजायचं, तोवर तोंड बंद. दहा आकड्यांत माझी प्रस्तावना होते. नाव ठेवलं, बुडबुडेबाई.

९ जून
माझी पद्धत सुरू. ठकीला आरशासमोर स्टुलावर बसवून आ, ई, ऊ, बाबा. तिने माझ्या तोंडात बोट घालून दाढा तपासल्या. जिज्ञासा आहे.
जेवताना भरवू नका, तिचं तिला चिवडू द्या, असंही बुडबुडेबाईंचं फर्मान. म्हणजे अन्नाची नासाडी. मी केळ्यावर छोटंसं व्याख्यान देत एकेक घास भरवला. सगळं केळं माझ्या शर्टावर आलं, पण येताना स्पष्ट 'प्फू' झालं. ओष्ठ्य वर्ण! बायको म्हणते, त्याला थुंकणं म्हणतात.

१४ जून
बाईंचा पोकळपणा सिद्ध करायला त्यांचा प्रयोग करून पाहिला. बिस्किटांचा डबा हातात धरून गप्प बसलो. ठकी माझ्याकडे बघत राहिली. काही नाही. मग बिस्कीट हवं का, बिस्कीट म्हण, बि-स्-कीट, असं मार्गदर्शन केलं. ती उठून गेली. बायकोच्या मते मी तीनपर्यंतही पोचलो नव्हतो. ते असो. गप्प बसून भाषा येत नाही, हे सिद्ध झालं.

१९ जून
आज बायको एकटीच ठकीला घेऊन गेली. रडत परत आली. बाटलीचं झाकण लावल्यावर ठकी 'दे' म्हणाली म्हणे. म्हटलं, ढेकर असेल. बायकोने माझं ताट टेबलावर आपटलं.
बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो. वाईट वाटलं, खूप वाईट. पहिला शब्द, तोही बुडबुडे विकणारीला! मला फक्त 'बाबा' ऐकायचं आहे. फार मागतोय का?

२० जून
रविवारी सासूबाई आणि भावाला सहकुटुंब बोलावलं आहे. ठकी सर्वांसमोर 'बाबा' म्हणेल. चार लोकांत वाचा फुटते, हा माझा जुना अनुभव.

२२ जून, रविवार
कार्यक्रम झाला.
ठकी टेबलाखाली होती. मी मुलांच्या भाषाविकासात पित्याचं स्थान यावर प्रास्ताविक सुरू केलं. सासूबाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. तेवढ्यात ठकी बाहेर आली, माझ्या मांडीवर चढली. आता ती तुमच्यासमोर, असं मी म्हणतोय तोच तिने माझ्या तोंडावर तळहात ठेवला, झाकण पिळतात तसा घट्ट फिरवला आणि म्हणाली, 'बंद.'
उच्चार स्वच्छ. अनुस्वारासकट. माझ्यावर गेली आहे.
भाऊ खुर्चीवरून पडेपर्यंत हसला. सासूबाई त्याहून जास्त. बायको हसत होती की रडत, कळलं नाही. हाताखाली मी मनात मोजत राहिलो. पहिल्यांदाच दहापर्यंत पोचलो.
मग ठकीने हात काढला आणि माझ्या तोंडाकडे बघत, न बोलता, वाट पाहत बसली. मी पुन्हा एकपासून मोजायला लागलो.